मागणी आणि नकार

माझ्या थोरल्या बहिणीचा डावा कान आमच्या दाराची बेल झाला, तेव्हा मी पोहे खात होते. पोहे तिनेच केले होते. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड, सगळं साग्रसंगीत. ती गॅसपाशी उभी होती. कान सुटल्याचा आवाजबिवाज काही झाला नाही. बाहेर नुसतं टिंग झालं, आणि बघते तर ताईच्या गालापासून केसांपर्यंत सपाट कातडी. कुडी तेवढी ओट्यावर पडली होती.

"ताई, तुझा कान गं?"

"असू दे गो," ती म्हणाली. "दुसरा आहे. पोहे गार होतायत बघ, खा आधी."

मी खाल्ले. खोटं कशाला सांगू? बशीत होते तेवढे संपवले, हात धुतला आणि मग दार उघडून पाहिलं. बटणाच्या जागी ताईचा कान होता, नीट स्क्रूने बसवलेला. आमची बेल गणपतीपासून बंद होती, दारावरची थाप ताईच ऐकायची. इलेक्ट्रिशियन दर आठवड्याला "उद्या येतो" म्हणायचा आणि आम्ही दर आठवड्याला विश्वास ठेवायचो. आवाज ऐकून आमचे हे पेपर घेऊनच बाहेर आले.

"अरे वा! झाली चालू? कुणी केली?"

"ताईने."

"ताई म्हणजे ना, ग्रेटच," असं म्हणून यांनी बेल आणखी दोनदा दाबून बघितली. दोन्ही वेळा आत गॅसपाशी ताईची मान दचकली. ते मी पाहिलं, यांनी नाही पाहिलं. यांचं एक बरं असतं.

ताई मूळ कुडाळची, म्हणजे आम्ही दोघीही तिथल्याच, पण मी लग्न करून कोल्हापूरला आले आणि ती तिथेच राहिली. लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलं तर "मशीनशी लावलंय ना माझं" म्हणायची. आमच्या जुन्या घराच्या पडवीत तिचा शिवणाचा क्लास आहे. निम्म्या कुडाळच्या पोरी तिच्या हाताखाली शिवायला शिकल्या. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा ती आठ दिवसांसाठी म्हणून आली. आठ दिवसांसाठी आलेलं माणूस आठ दिवसांत परत गेलं तर त्याला पाहुणा म्हणतात. ताई राहिली. म्हणजे मी तिला ठेवून घेतलं. माझे टाके सुकले, पथ्य संपलं, मी जिना चढायला लागले, आणि तरी रोज सकाळी ताटलीत घावणे यायचे, तर मी कशाला तोंड उघडू?

कान गेला तो माझ्यामुळे, हे मला त्याच सकाळी कळलं होतं. कसं कळलं ते सांगते.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर एका परिभाषा कोशाच्या समितीवर गेले. काम असं की इंग्रजी शब्द पुढे येतो, आम्ही चहा पितो आणि त्याला मराठी शब्द ठरवतो. समितीत बोलणारी माणसं तीनच. अध्यक्ष चौगुले सर, कायद्याच्या बाजूने अ‍ॅडव्होकेट मिरजकर आणि विज्ञानाच्या बाजूने मी. बाकीचे बिस्किटं खातात आणि माना हलवतात. कानाच्या आदल्या दिवशी आमच्यापुढे 'कन्व्हर्जन' हा शब्द आला.

"विज्ञानात सोपं आहे," मी म्हटलं. "एका रूपातलं दुसऱ्या रूपात जातं. कोळशाची उष्णता होते, विजेचा उजेड होतो, मैलांचे किलोमीटर होतात. नष्ट काही होत नाही, कुणाचं काही जात नाही. रूपांतर म्हणा आणि पुढे चला."

"कायद्यात जातं," मिरजकर म्हणाले. हा माणूस बोलताना चष्मा काढतो, त्यामुळे तो आपल्याकडे बघतोय की नाही ते समजत नाही. "कायद्यात कुणाचं तरी जातंच. दुसऱ्याची जंगम वस्तू, मालकाचा हक्क डावलून, आपलीच असल्यासारखी वापरणे, याला कन्व्हर्जन म्हणतात. चोरी नव्हे हां! चोराला ठाऊक असतं आपण चोर आहोत. इथे माणूस सज्जन असतो. शेजाऱ्याची शिडी आणतो, पंखा पुसतो, आणि मग शिडी याच्याच भिंतीला टेकलेली राहते. पुढेपुढे तो तिला आमची शिडी म्हणायला लागतो."

सगळे हसले. मी पण हसले. माझ्या पायाशी डबा होता. त्यात ताईने काळ्या वाटाण्याची उसळ दिली होती, आणि वेगळ्या बाटलीत सोलकढी. तिचा वास वर येत होता. आपलीच असल्यासारखी, हे शब्द माझ्या कानावर पडले आणि मी डबा पायाने खुर्चीखाली सरकवला.

मिरजकरांना कायद्यासाठी वेगळा शब्द हवा होता. 'स्वीयीकरण' असं काहीतरी त्यांनी आणलं होतं. कुणाचीही जीभ वळेना. चौगुले सर तर 'स्वयंपाकीकरण' म्हणाले. जेवायची वेळ झाली होती.

"एकच शब्द ठेवा हो," मी म्हटलं. "दोन्हीकडे रूपांतर. सुटसुटीत."

"मॅडम, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शब्द एक केलात तर एकाचे नियम दुसऱ्याला लागतील."

"शब्दाने काय होतंय वकीलसाहेब? चला, उसळ गार होतेय."

झालं, शब्द मंजूर. त्या दिवसापासून आमच्या घरात नियम लागू झाला. दुसऱ्याचं जे आपण आपलं म्हणून वापरू, त्याचं रूप पालटतं आणि ते आपलं होतं. नष्ट काही होत नाही. हा नियम मला कुणी समजावून सांगितला नाही. शिक्षिकेला एक उदाहरण पुरतं.

कानानंतर ताईच्या हाताची चव गेली. ती मिठाच्या बरणीत आढळली. मी नुसतं पाणी उकळून त्यात चिमूटभर टाकलं तरी माशाची कढी लागायची. हे तीन वाट्या पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "तुझ्या हाताला काय गुण आलाय गं!" ताई शेजारी बसली होती. तिने स्वतःचं केलेलं पिठलं तोंडात घातलं, जरा वेळ घोळवलं आणि गुपचूप गिळलं.

मग झोप गेली. ती आमच्या दोघांच्या उशांत आली. पडल्यापडल्या डोळा लागायचा, आणि सकाळी उठले की ताई डायनिंग टेबलाशी टक्क जागी, समोर निवडलेली मेथी. "निजले नाही गो, पण भाजी झाली," म्हणायची. तिला उशी परत द्यावी असं रोज वाटायचं, अगदी मनापासून वाटायचं. पण हे वाटणं मला उशीवर डोकं ठेवल्यावरच सुचायचं, आणि मग लगेच झोप लागायची.

उजवा हात गेला तो दिवस मी विसरणार नाही, कारण तेव्हा मी तोंडाने बोलले. आमच्या भिशीच्या बायका आल्या होत्या. ताईने खांडवी केली होती, शहाळ्याची मलई घालून. बायका बोटं चाटत होत्या. एक जण म्हणाली, "तुमचं बाई नशीब, अशी बहीण मिळाली." मला अभिमान वाटला. कशाचा वाटला कुणास ठाऊक, पण वाटला. मी सोफ्यावर रेलून म्हटलं, "अहो, ताई म्हणजे माझा उजवा हात आहे!"

मनगटाला नुसत्या मुंग्या आल्या. खाली पाहिलं तर माझ्या बांगड्यांत ताईचा हात. तर्जनीच्या टोकाला सुईने पडलेला घट्टा, अंगठ्याला कात्रीचा वळ, नखात पांढऱ्या खडूची पूड. ताई बशा गोळा करत होती. तिच्या उजव्या बाहीत काही नव्हतं. बशा तिने डाव्या हाताने उचलल्या. बायकांनी पाहिलं, पण परक्याच्या घरी अशा गोष्टींवर बोलायचं नसतं, म्हणून त्या खांडवीची कृती विचारू लागल्या. माझा स्वतःचा उजवा हात कुठे गेला ते मी शोधलं नाही. तसाही तो कधी फारसा कामाचा नव्हता.

या हाताने मला सगळं यायला लागलं. मी साडीला फॉल लावला, यांच्या विजारी आखूड केल्या, भोपळा चिरला. ताई समोर बसून बघायची.

"टाका बारीक घाल," म्हणायची. "ओढू नको. कापडाला कळतं."

"दुखतं का गं तुला?" मी एकदा विचारलं.

"हात नाही दुखत. हाताची सवय दुखते."

मी टाका बारीक घातला. दुसरं काय करणार होते? रडू आलं तेव्हा डोळेसुद्धा मी तिच्याच हाताने पुसले.

मग रेश्माचे फोन सुरू झाले. रेश्मा ताईच्या क्लासमधली सगळ्यात हुशार मुलगी. ताई माझ्याकडे आली तेव्हापासून क्लास तीच कसाबसा सांभाळत होती. शिवणाची परीक्षा तोंडावर आलेली, आणि कटोरी ब्लाऊजशी सगळ्या पोरी अडल्या होत्या.

"मॅडम, बाई कधी येतायत? कटोरीचं माप एकीलाही जमेना. मला बाईंसारखं सांगता येत नाही हो."

"येणार गं, येणार," मी म्हणायचे. "जरा बरं वाटू दे."

"बाईंना बरं नाही?"

"मला," मी म्हणायचे आणि फोन ठेवायचे. मला ठणठणीत बरं होतं.

ताईला उरलेल्या कानाने सगळं ऐकू यायचं. त्या रविवारी ती बाहेरचं पातळ नेसून, पिशवी घेऊन हॉलमध्ये आली. डाव्या हाताने नेसल्यामुळे निऱ्या वाकड्या होत्या.

"बरं बेबी," ती म्हणाली. मला ती अजून बेबी म्हणते, मी साठीला आले तरी. "येते मी."

आता यात माझी काही लबाडी नव्हती. ती 'येते' म्हणाली, आणि घराने शब्द धरला. दार तिच्या समोर होतं ते मागे गेलं. हॉल लांबला, फरशीच्या लाद्या तिच्या पायाखालून दाराकडे निघून गेल्या आणि ती, पिशवीसकट, आत स्वयंपाकघराच्या कडेला उभी राहिली. येते म्हणाली, आली.

"आलीस? बस ना," मी म्हटलं. "चहा टाकतेस का?"

तिने चहा टाकला.

पुढल्या रविवारी पुन्हा पातळ, पुन्हा पिशवी, पुन्हा "येते गो मी". ती ओट्यापर्यंत आली. त्याच्या पुढल्या खेपेला भांडी घासायच्या मोरीपर्यंत. आपण काहीतरी चुकीचं बोलतोय हे तिला समजत होतं, पण काय ते समजत नव्हतं. घरातून निघताना दुसरं काय म्हणतात? ती आपली एकच वाक्य निरनिराळ्या आवाजात म्हणून बघायची. हळू, मोठ्याने, हसून, एकदा तर रडत. मला मात्र काय म्हणायला हवं ते कळलं होतं. मी सांगितलं नाही. चहा होईपर्यंत सांगू, मग जेवण होईपर्यंत, असं करत राहिले.

एक दिवस तिची पावलं उचलेनाशी झाली. टाचा फरशीला धरायच्या, आणि ओढून काढल्या की खाली ओलसर सिमेंट दिसायचं. तेव्हा मी घाबरले. समितीची बैठक होती, तिथे सगळ्यांच्या आधी जाऊन मिरजकरांना गाठलं. उजवा हात पदराखाली.

"वकीलसाहेब, ते रूपांतर. कायद्यातलं. समजा मालकाला आपली वस्तू परत हवीय, तर?"

"मागणी करावी लागते," ते म्हणाले. "स्पष्ट शब्दांत. आडवळणाने नाही. मागणी झाली आणि ठेवणाऱ्याने नकार दिला, की रूपांतर पुरं झालं. मागणी आणि नकार, ही जोडी आहे. मागणी आली आणि त्याने निमूट दिली वस्तू, तर काहीच झालं नाही. दोघंही सुटले."

"आणि ती वस्तू माणूस असली तर?"

"माणूस जंगम मालमत्ता नसतो."

"फिरतो की."

त्यांनी चष्मा काढला. "फिरतो तोवर विचार करता येईल. पण स्थावर झाला की हे कलमच लागत नाही. नळ दुकानातून आणला तोवर नळ आहे. भिंतीत बसवला की तो घराचा. मग नळ मागता येत नाही कुणाला. कुणाबद्दल विचारताय, मॅडम?"

"कोशासाठी," मी म्हटलं.

तेवढ्यात चौगुले सर आले, बिस्किटं आली, कामाला सुरुवात झाली. मागच्या शब्दांवर शेवटचं शिक्कामोर्तब होतं. सरांनी एकेक वाचला. 'कन्व्हर्जन, रूपांतर, कायदा आणि विज्ञान. कुणाची हरकत असेल तर हात वर करा.'

हात वर व्हायला लागला. माझा नव्हता ना तो! पदरातून तो सरळ निघाला, कोपर टेबलाला आपटलं, बोटं ताठ झाली, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलीची होतात तशी. मी डाव्या हाताने तो मनगटाशी पकडला आणि टेबलाखाली दाबून धरला. त्याच्यात जोर होता. आयुष्यभर मशीनचं चाक फिरवलेला हात तो. मी दोन गुडघ्यांत धरला त्याला. अंगाला घाम फुटला. मिरजकर माझ्याकडे बघत होते, चष्मा लावून.

हरकत घेतली असती तर दोन शब्द वेगळे झाले असते, हात ताईकडे गेला असता, झोप, चव, कान, सगळं. आणि मी? उजव्या हाताशिवाय, पाणचट आमटीची, रात्रभर कुशी बदलणारी, बेल नसलेल्या घरातली बाई. मला लाज वाटली, मरणाची लाज वाटली, आणि तरी मी तो हात सोडला नाही.

"हरकत नाही," चौगुले सर म्हणाले आणि पुढच्या शब्दाकडे वळले.

घरी आले ती ठरवून आले की आज तिला सांगायचंच. ताई मोरीपाशी उभी होती. बसणं आता तिला जमत नव्हतं.

"ताई, ऐक. येते म्हटलंस की तू येतेस. निघायचं असेल तर स्पष्ट म्हणावं लागतं. 'मी जाते.'"

"श्शी!" ती म्हणाली. "जाते म्हणतात का कधी? आईने थोबाडीत दिली असती. माणूस मेल्यावर जातं."

"पण म्हटल्याशिवाय..."

"अभद्र बोलू नको, बेबी. दिवेलागणीची वेळ आहे."

मला हायसं वाटलं. देवा, किती हायसं वाटलं! मी सांगून मोकळी झाले, ती ऐकत नाही त्याला मी काय करू? त्या दिवशी मी चवीने जेवले.

तिने मात्र त्याचा विचार केला असणार. झोप नसलेल्या माणसाकडे विचाराला वेळ असतो. शनिवारी सकाळी, हे फिरायला गेले होते, मी केस विंचरत होते, आणि स्वयंपाकघरातून खरवडल्याचा आवाज आला. ताई निघाली होती. एक पाऊल उचलायचं, फरशी सोडवायची, पुढे ठेवायचं, मग दुसरं. मोरीपासून ओटा, ओट्यापासून सोफा. मागे फुटक्या लाद्यांची रांग. पातळ बाहेरचंच होतं, पण पिशवी तिने घेतली नव्हती. दारापाशी पोचली तेव्हा तोंड घामाने डबडबलं होतं. तिने डाव्या हाताने कडी काढली, एक पाय बाहेर टाकला, एक आत, आणि चौकटीला धरून माझ्याकडे वळली.

"बेबी," ती म्हणाली. बालपणापासून जे कधी बोलली नव्हती ते बोलायचं होतं तिला. "मी जाते."

लाद्या हलल्या नाहीत. दार जागच्या जागी राहिलं. जिन्यातली हवा आत आली. आता फक्त 'बरं' म्हणायचं होतं. दोन अक्षरं. ती बाहेरचं पाऊल उचलून थांबली होती, आणि जन्मात पाहिला नव्हता इतका आनंद तिच्या तोंडावर होता.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "असं म्हणू नये गं ताई. येते म्हणावं."

मी मुद्दाम नाही म्हटलं. कुणीही हेच म्हणेल. आपल्यात कुणी 'जाते' म्हटलं की तोंड आपोआप उघडतं, आजीचं, आईचं, शेजारणीचं, सगळ्यांचंच उघडतं. पण कुठल्याही वकिलाला विचारा, मागणी झाली होती, आणि हा नकार होता. ताईला समजलं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"खरंच की," ती म्हणाली. "चुकले. येते."

हे फिरून आले तेव्हा मी कंगवा हातात घेऊन तशीच उभी होते. आमच्या फ्लॅटला उंबरठा नव्हता. बिल्डरने कुणालाच दिला नव्हता, नुसती फट होती. आता होता. चांगला रुंद, एका चौकटीपासून दुसऱ्या चौकटीपर्यंत, गव्हाळ रंगाचा, मधोमध जरा झिजलेला, खूप दिवस वापरात असल्यासारखा.

"हे केव्हा केलंस?" यांनी चपलेच्या टोकाने ठोकून पाहिलं. "झकास झालं. फटीतून झुरळं यायची. ताई कुठायत?"

"इथेच," मी म्हटलं.

"चहाचं बघायला सांग जरा," म्हणत ते त्यावर पाय देऊन आत गेले.

मी गेले नाही. ना आत, ना बाहेर. बाहेर पडायचं तर तिच्यावरून जायचं, आणि दार लावायचं तर ते तिला घासत होतं. मी खाली बसून हाक मारली. नुसतं 'ताई' म्हटलं. मग 'माफ कर' म्हटलं. हात फिरवला, तिचाच हात. दगड कोमट होता. घरातून हे विचारत होते, मीठ कुठल्या बरणीत, आणि मला ओरडावंसं वाटत होतं, की खाऊ नका ते, हात लावू नका कशाला. पण ओरडून मग काय सांगणार होते? मी सांगितलं, "निळ्या झाकणाच्या."

दुपारी जिन्यात पावलं वाजली. एक मुलगी वर आली. गळ्यात मापाची टेप, पिशवीतून डोकावणारा कागदाचा कच्चा कटोरी ब्लाऊज. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. मी उठले आणि उजवा हात पदराखाली घेतला.

"मी रेश्मा. कुडाळची. सकाळच्या एसटीने आले," ती दम खात म्हणाली. "मॅडम, रागावू नका, फोनवर तुम्ही नीट सांगत नाही म्हणून मीच आले. मी बाईंना न्यायला आलेय. बाईंना पाठवा माझ्याबरोबर."

इतकं स्पष्ट माझ्याकडे आजवर कुणीच काही मागितलं नव्हतं. मी तोंड उघडलं. सांगणार होते, शपथ सांगते, सगळं सांगणार होते.

"आधी आत तर ये," मी म्हटलं. "दमली असशील. पाणी घे."

रेश्मा चांगल्या वळणाची मुलगी. तिने चपला बाहेर काढून जोडीने कडेला ठेवल्या. मग वाकून उंबरठ्याला हात लावला, कपाळाला लावला, आणि जरा थांबली. पुन्हा वाकली. या वेळी हात तिथेच राहिला.

"हा गरम आहे, मॅडम."

"ऊन लागतं दुपारचं," मी म्हटलं. आमच्या दारासमोर लिफ्टची भिंत आहे.

तिने भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ओलांडून ये गं, वरून ये, पाय देऊ नको, असं माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. पण 'का' असं तिने विचारलं असतं.

"आलीच आहेस तर राहा चार दिवस," मी म्हटलं.

रेश्माने साडी घोट्याच्या वर धरली आणि उजवा पाय उचलला.